काल रात्री काय जेवलात?

चीनमधल्या हांगचौच्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला याल का, अशी विचारणा २०२४ च्या सुरुवातीला मला झाली. एका परिषदेत ओळख झालेल्या तिथल्या प्राध्यापकांनी माझं नाव सुचवलं होतं. परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने चालणारा पदवी अभ्यासक्रम, शिकवणं सगळं इंग्रजीतून, करार वर्षाचा आणि पुढे वाढवता येणारा. वर्गात काय करायचं ते मला ठाऊक होतं. प्रश्न उरलेल्या दिवसाचा होता. सकाळी उठल्यापासून रात्री दार लावेपर्यंत मी तिथे कशी जगणार, हे मला सही करण्याआधी कळायला हवं होतं.

कोल्हापुरात सल्ला द्यायला माणसांची कमतरता नव्हती. स्टाफरूममध्ये गलवान निघालं, करोना निघाला, "ते लोक काहीही खातात" हे तर दररोज निघायचं. माझ्या सासऱ्यांनी मात्र सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण काढली. "ते १९३८ साली युद्ध चालू असताना जखमींवर उपचार करायला चीनला गेले गं, तू तर शिकवायला चाललीस, जा," म्हणाले. त्या एका वाक्याने मला धीर आला. पण धीर वेगळा आणि माहिती वेगळी. मतं देणाऱ्यांपैकी एकानेही तिथे एक आठवडा काढलेला नव्हता.

म्हणून मी एक नियम केला. जो आज तिथे राहतो त्यालाच विचारायचं, आणि काल काय केलं एवढं आठवून उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारायचा. "तिथे शाकाहारी जेवण मिळतं का?" असं विचारलं की माणूस मत देतो. "काल रात्री काय जेवलात, कुठून आणलंत, किती पैसे पडले?" असं विचारलं की तो आपला दिवस सांगतो. मला दिवस हवे होते.

विचारायचं कशावर, ही पहिली अडचण. चीनमध्ये सगळा संवाद वीचॅटवर चालतो, आणि आपल्याकडे जून २०२० मध्ये ज्या ५९ अॅप्सवर बंदी आली त्यांत वीचॅट होतं. उलट तिकडे व्हॉट्सअॅप, जीमेल, यूट्यूब, गूगल सगळं बंद. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांच्या हातात फोन असूनही मध्ये दार नाही. माझा भाचा सिंगापूरला नोकरी करतो, त्याच्याकडे वीचॅट होतं. त्याने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या बाईंशी संपर्क साधला आणि सध्या तिथे शिकवणाऱ्या कुणा परदेशी शिक्षकांशी माझी ईमेलवर गाठ घालून द्याल का, असं विचारलं. हे विचारण्यात संकोच करू नये. परदेशी शिक्षकांना रोज सांभाळणाऱ्या कार्यालयाला ही मागणी नवी नसते, आणि ते ती कशी घेतात यावरूनही बरंच कळतं. माझ्या बाबतीत चार दिवसांत एका शिक्षकांचा पत्ता आला.

ते गृहस्थ पाकिस्तानचे, लाहोरकडचे. यंत्र अभियांत्रिकी शिकवतात, बरीच वर्षं हांगचौमध्ये आहेत. पहिलं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. त्यांचं उत्तर रोमन लिपीतल्या हिंदी-उर्दूत आलं आणि मग आमचं सगळं बोलणं त्याच भाषेत झालं. कार्यालयातल्या बाईंनी कळवलं होतं की कॅम्पसमध्ये शाकाहारी पदार्थ उपलब्ध आहेत. खरंच आहेत. पण या गृहस्थांनी लिहिलं ते असं: मॅडम, भाजीच्या खिडकीवर जे हिरवं दिसतं त्यात डुकराची चरबी असू शकते, टोफूवर खिमा भुरभुरलेला असतो, आणि नुसत्या पालेभाजीतही ऑयस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस असतो. वाढणाऱ्या मावशी खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ती भाजीच आहे. तुम्ही वरच्या मजल्यावरच्या मुस्लिम कॅन्टीनमध्ये जा. तिथे चरबीचा प्रश्नच येत नाही. टोमॅटो-अंडं मागा, बटाट्याचा कीस मागा, वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी मागा, भात घ्या. काल मी तेच खाल्लं, बारा युआन झाले.

तेव्हा एका युआनला साधारण साडेअकरा रुपये पडत होते. हिशेब लगेच कळला. पण त्याहून मोठी गोष्ट कळली ती ही, की त्या कॅन्टीनमध्येही कढई तीच, गोमांस परतलेली. इथे प्रत्येकाने स्वतःशी आधीच ठरवावं लागतं. मी अंडं खाते आणि कढईचा आग्रह धरत नाही, त्यामुळे माझं भागणार होतं. ज्यांना भांडंही वेगळं हवं त्यांनी कॅन्टीनवर विसंबूच नये, स्वतः शिजवावं. बौद्ध देवळांजवळच्या शाकाहारी खानावळी हा चांगला पर्याय आहे, तिथे कांदा-लसूणही नसतो, पण रोज कामाच्या दिवशी तिथवर जाणं होत नाही.

मग स्वयंपाक कसा करायचा, हे विचारायला मला इचलकरंजीचे एक व्यापारी भेटले. ही ओळख नवऱ्याकडून निघाली. यंत्रमाग आणि कापडाच्या धंद्यामुळे इचलकरंजीच्या लोकांचं चीनला जाणं-येणं असतंच. हे काका शाओशिंगच्या खछ्याओ भागातल्या कापडबाजारात वर्षातून अनेकदा जातात. खछ्याओ हांगचौच्या अगदी शेजारी. तिथे भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यामागोमाग भारतीय हॉटेलं आणि किराणाही आला. "वहिनी, तूरडाळ, हिंग, गोडा मसाला घरून न्या," काका म्हणाले. "मूग तिथे कुठल्याही दुकानात मिळतो, शेंगदाणे मिळतात, कोथिंबीर, आलं, लसूण, मिरची ढिगाने. कढीपत्त्याची आशा सोडा." भाजीबाजाराचं त्यांनी सांगितलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. दोडका, कारलं, कोहळा, मुळा, आणि उन्हाळ्यात चक्क लाल माठ. हांगचौ ज्यात येतं त्या चच्यांग प्रांतात लाल माठ आवडीने खातात, लसूण घालून परततात, आपल्यासारखाच. चीनबद्दल इतकी वर्षं इतकं वाचलं होतं, पण कुणी मला माठ सांगितला नव्हता.

जेवणाच्या वेळा हा मुद्दा मी विचारलाच नसता. लाहोरच्या गृहस्थांनी आपला कालचा दिवस सांगताना तो आपोआप आला. पहिला तास सकाळी आठला. दुपारचं जेवण साडेअकराला, आणि साडेबारानंतर कॅन्टीनमध्ये गेलं तर भांडी रिकामी. मग डुलकी. विद्यार्थी, शिक्षक, कार्यालयातले लोक, सगळेच थोडा वेळ झोपतात, आणि त्या वेळात कुणालाही फोन करायचा नाही. रात्रीचं जेवण पाच ते साडेसहा. रात्री नऊला जेवणाऱ्या आमच्या घरातल्या माणसाने हे आधी ऐकून ठेवणं गरजेचं होतं. दर तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो हेही तिथेच कळलं. करारात आठवड्याचे तास लिहिलेले असतात ते या पंचेचाळीस मिनिटांच्या हिशेबाने. सुट्ट्यांचीही एक रीत आहे. राष्ट्रीय दिनाच्या, म्हणजे १ ऑक्टोबरपासूनच्या मोठ्या सुट्टीची भरपाई म्हणून आधीचा किंवा नंतरचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा करतात. कॅलेंडरवर रविवार दिसला म्हणून तिकीट काढून ठेवायचं नाही.

घराचं मी फोटोंवर सोडलं नाही. विद्यापीठाने पाठवलेल्या फोटोत पलंग, टेबल, खिडकी, सगळं छान होतं. मी व्हिडिओ मागितला आणि त्यात काय दिसावं तेही लिहिलं: स्वयंपाकाची शेगडी चालू करून, नळ सोडून, खिडकी उघडून, आणि मुख्य दरवाज्यापासून लिफ्टपर्यंत चालत. शेगडी निघाली इंडक्शनची, एकच. गॅस नाही. म्हणजे लोखंडी तवा चालेल, ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, इंडक्शनचा कुकर न्यायला हवा. नळाचं पाणी न उकळता पीत नाहीत, पण गरम पाण्याची मशीन इमारतीत, वर्गाबाहेर, स्टेशनवर सगळीकडे असतात, म्हणून थर्मास.

थंडीबद्दल मात्र मला विस्ताराने लिहायलाच हवं, कारण इथे नकाशा पाहून माणूस फसतो. चीन म्हटलं की थंडी आणि थंडी म्हटली की घरोघरी हीटर, असं आपण धरून चालतो. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांची जी रेषा आहे तिच्या उत्तरेला शहरभर मध्यवर्ती तापवणीची सोय असते, ही १९५० च्या दशकापासूनची व्यवस्था. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरला घरातले पाइप तापतात ते १५ मार्चपर्यंत. हांगचौ त्या रेषेच्या दक्षिणेला. जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंशांच्या आसपास, हवा दमट, आणि घरात उष्णता फक्त एसीची. बाहेर आणि आत सारखंच गार. मी विचारलेला प्रश्न असा होता: जानेवारीत रात्री नऊला घरात बसून पेपर तपासताना अंगावर काय असतं? उत्तर आलं: आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर रजईचा कोट, पायाखाली विजेचा गरम पट्टा आणि पलंगावर विजेची चादर. या एका उत्तरावरून मी सामानाची बॅग भरली. जूनच्या मध्यापासून पुढे काही आठवडे तिथे पाऊस नुसता रिपरिपत राहतो, कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी धरते. गगनबावड्याला नातेवाईक असलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

बाई म्हणून मला जे विचारायचं होतं ते मी एका दक्षिण आफ्रिकेच्या शिक्षिकेला विचारलं. त्यांचीही गाठ त्याच कार्यालयातून पडली. विद्यापीठ शियाशा भागात आहे, शहराच्या पूर्वेला, जिथे अनेक विद्यापीठं एकत्र वसवली आहेत. तिथून प्रसिद्ध पश्चिम सरोवराला जायला मेट्रोची पहिली लाइन पकडून लोंगशियांगछियाओ स्टेशनला उतरायचं, सगळं मिळून तासभर. शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास. "या आधी रात्री एकट्या परत आलात ती कोणती वेळ, स्टेशनपासून घरापर्यंत रस्त्यात कोण होतं?" असं मी विचारलं. त्यांनी लिहिलं, मागच्या शुक्रवारी, अकरा वाजून गेले होते, रस्त्यात विद्यार्थी कणसं खात उभे होते आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुढे त्यांनी आपणहून जोडलं: भीती बाळगायची ती विजेच्या स्कूटरची, त्या आवाज न करता फुटपाथवरही येतात. हे मी आजही नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पैशांचं चित्र आपल्याला सोपं वाटतं, कारण आपणही भाजी यूपीआयवर घेतो. फरक हा, की तिथे परदेशी माणसाला सुरुवातीचे दिवस स्थानिक बँक खाते नसतं. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला तीन टक्के. म्हणून मी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड घेतलं, आणि थोडी रोख. खाते उघडायला चिनी नंबर लागतो, पगार खात्यात येतो, आणि घरी पैसे पाठवायचे तर करार, कर भरल्याचा दाखला ही कागदपत्रं बँकेत दाखवावी लागतात. हे कळल्यावर कर भरल्याचे कागद कुठून मिळतात हेही मी आधीच विचारून ठेवलं. आपलं भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवणं फार आवश्यक. ओटीपी त्यावरच येतात, आणि रोमिंगचं इंटरनेट भारतातून फिरून येत असल्याने अडीअडचणीला त्यावर व्हॉट्सअॅपही लागतं. घरच्यांशी रोजच्या बोलण्यासाठी आम्ही मायक्रोसॉफ्ट टीम्स ठरवलं, कारण मी ज्यांना विचारत होते त्या तिथल्या दोन्ही शिक्षकांच्या परदेशातल्या बैठका त्यावर होत होत्या. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे रात्री नऊ म्हणजे कोल्हापुरात साडेसहा, मुलगी क्लासहून आलेली असते.

करार वाचताना हेच सगळे दिवस डोळ्यांसमोर होते, त्यामुळे प्रश्न नेमके सुचले. पगार बाराही महिन्यांचा की शिकवण्याच्या महिन्यांचा? आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा? सामाजिक विम्याचा माझा वाटा त्यातून जाणार का? तो परदेशी नोकरदारांनाही भरावा लागतो, आणि पेन्शन खात्यातला स्वतःचा हिस्सा देश सोडताना मागता येतो. नोकरी सोडली तर मुक्ततापत्र आणि परवाना रद्द केल्याचा कागद किती दिवसांत देणार? त्याशिवाय तिथे दुसरी नोकरी धरता येत नाही. करार इंग्रजी आणि चिनी अशा दोन भाषांत होता आणि मतभेद झाल्यास चिनी मसुदा ग्राह्य धरला जाईल असं लिहिलं होतं. म्हणून पुण्यात चिनी शिकवणाऱ्या एका बाईंकडून मी चिनी मसुदा पैसे देऊन वाचून घेतला. सुट्टीतल्या पगाराचं वाक्य इंग्रजीत मोघम होतं, चिनीत स्पष्ट होतं. मी इंग्रजीतही स्पष्ट करून मागितलं, त्यांनी केलं. एवढा खर्च प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रांत एकच गोष्ट सांगते, कारण ती खूप जणांना ठाऊक नसते. परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून सरकार जो एकच शिक्का लावतं त्याला अपोस्टील म्हणतात. चीनने अपोस्टील करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू केला, भारत त्यात २००५ पासून आहे, तरी या दोन देशांमध्ये आपसांत तो लागू नाही. त्यामुळे पदवीवर आणि पोलिसांच्या दाखल्यावर अपोस्टील करून उपयोग नाही. राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग चिनी वकिलात, असा जुनाच रस्ता. एजंट सवयीने अपोस्टीलचा अर्ज भरत होता, मी थांबवलं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. झेड, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर उतरलं की चोवीस तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद आणि तीस दिवसांत निवास परवान्याचा अर्ज, ही दोन कामं विद्यापीठाचे लोक सोबत येऊन करतात. वैद्यकीय तपासणी तिथे गेल्यावर पुन्हा होते. माझं थायरॉइडचं औषध तिथे सर्रास मिळतं हे आधीच विचारलं होतं, तरी काही महिन्यांच्या गोळ्या चिठ्ठीसह नेल्या.

सगळ्यात अवघड प्रश्नाला तिथलं कुणी उत्तर देऊ शकत नव्हतं. मुलगी नववीत गेली होती. नवरा आणि मुलगी माझ्यासोबत येऊ शकत होते, त्यासाठी वेगळा कुटुंब-व्हिसा असतो, पण त्यावर नवऱ्याला काम करता आलं नसतं, आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेची फी माझ्या पगारातून झेपणारी नव्हती. ती माहिती आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर मांडली. मुलीने विचारलं, "आई, तू जानेवारीत येशील का?" वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत असते, पगार त्या महिन्यांतही मिळणार होता. येईन, म्हटलं. मग तिनेच सांगितलं, जा.

ऑगस्टच्या शेवटी मी मुंबईहून हाँगकाँगमार्गे गेले. थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. टोमॅटो-अंडं, आठचा तास, दुपारची झोप, विजेची चादर, सगळं सांगितल्यासारखंच निघालं. जे कुणी सांगितलं नव्हतं ते माझ्या विद्यार्थ्यांचं मौन. वर्गात प्रश्न विचारला की सगळे वहीत पाहतात, आणि तास संपल्यावर पाच-सहा जण टेबलाभोवती येऊन फार चांगले प्रश्न विचारतात. पुढच्या वेळी मी जेवणाबरोबर "काल वर्गात पहिला प्रश्न कुणी आणि कधी विचारला?" हेही विचारीन.

सध्या लातूरचे एक प्राध्यापक वूहानला जायचं म्हणतायत आणि त्यांची पत्रं मला येतात. वूहानची माहिती माझ्याकडे नाही, त्यामुळे मी त्यांना तिथल्या दोन माणसांचे पत्ते मिळवून दिले आणि प्रश्न कसे विचारायचे ते कळवलं. त्यांच्या पत्नीचा प्रश्न चतुर्थीच्या उपवासाचा होता. शेंगदाणे आणि रताळी मुबलक आहेत, हिवाळ्यात तर भाजलेली रताळी रस्त्यावर मिळतात. साबुदाणा आणि वरी घरूनच आणा, असं मी लिहिलं आहे.